व्होलोस्त न्यायालयाच्या निकालवह्या वाचताना : माझा अनुभव

भूदासमुक्तीनंतर रशियात शेतकऱ्यांची स्वतःची न्यायालये आली, ती गावांच्या गटाची, म्हणजे व्होलोस्तची. त्यांच्या निकालवह्या वाचताना मला एकाच गोष्टीचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. दावा कशाचा ते कळते, निकाल काय तेही कळते. पण असा निकाल का दिला, तिथे 'स्थानिक रूढीप्रमाणे' एवढेच लिहून पिसार, म्हणजे कारकून, मोकळा होतो!

बाकीची रचना चटकन समजते. १८६१च्या कायद्याने गावसभा आपला स्तारोस्ता, म्हणजे गावप्रमुख, निवडू लागली. काही गावे मिळून ३०० ते २,००० पुरुषांची एक व्होलोस्त बने, आणि तिचा प्रमुख स्तार्शिना. व्होलोस्तची सभा दर वर्षी ४ ते १२ न्यायाधीश निवडी, बैठकीला किमान तिघे लागत. हे सगळे शेतकरी, त्यांतले बरेच निरक्षर. म्हणून लेखणी पिसाराच्या हाती, आणि पुष्कळदा निकालही.

रूढीच्या त्या ओळीपाशी थांबू नका. कायद्यातला क्रम असा : आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला तर व्होलोस्त कचेरीत नोंदवलेला करार, आणि तोही नसेल तरच रूढी. म्हणून निकालवहीच्या आधी करारांची वही उघडा. करार सापडला की निम्मे कोडे सुटते. नाही सापडला, तर एकाच व्होलोस्तचे एकाच प्रकारचे निकाल शेजारी-शेजारी लावा. घरवाटणीचे दावे यासाठी सर्वांत उपयोगी. घरजावयाला वाटा मिळतो आणि वर्षानुवर्षे बाहेर राहिलेल्या मुलाला कमी मिळतो, असे निकाल ओळीने दिसले की नात्याइतकेच घरासाठी केलेल्या कष्टालाही वजन होते, हे उमगते. एकटा निकाल हे कधीच सांगणार नाही. आणि वोडका पाजून फिरवलेला निकालही वहीत 'रूढी' याच नावाने बसतो! १८७२मध्ये या न्यायालयांची चौकशी करायला आयोग नेमला गेला, त्याच्यापुढे अशा तक्रारी भरपूर आल्या. त्या साक्षी सात खंडांत छापलेल्या आहेत. वही हातात घेण्याआधी त्या वाचाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

१८८९पर्यंतची शिक्षेची मर्यादा आपल्या टिपणवहीच्या पहिल्या पानावर टिपून ठेवा : सहा दिवस सार्वजनिक काम, तीन रूबल दंड, सात दिवस अटक किंवा वीस फटके. दाव्याची मर्यादा १०० रूबल. आकडा याच्या वर गेलेला दिसला की पुढची तक्रार शोधा, कारण १८६६पासून निकाल रद्द करून घ्यायला तीनच आधार होते : अधिकाराबाहेरचा दावा, मर्यादेबाहेरची शिक्षा, किंवा पक्षकाराला न बोलावता दिलेला निकाल. निकाल अन्यायाचा आहे, हे कारण चालत नसे. तारखा जुन्या, म्हणजे ज्युलियन, पंचांगाच्या, आपल्या तारखेसाठी १२ दिवस मिळवा; १९०० सालच्या फेब्रुवारीअखेरपासून १३.

१८६३नंतर स्त्रीला फटके दिल्याची नोंद आढळली, तर तो थेट कायद्याचा भंग आहे. ती नोंद वेगळी काढा.

वेळ कमी असेल तर १८८९नंतरची प्रकरणे आधी घ्या. तेव्हा दाव्याची मर्यादा ३०० रूबल झाली, न्यायाधीशांच्या नेमणुकीला झेम्स्की नाचाल्निकची, म्हणजे शेतकऱ्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची, संमती लागू लागली, आणि जिल्ह्याच्या मंडळापुढे मूळ वादावर अपील करता येऊ लागले. शेतकऱ्यांची स्वायत्तता तिथे घटली, हे मला खुपते. पण अपिलाच्या कागदांत हरलेला पक्ष आपली सगळी हकिगत मांडतो, आणि निकालवहीत न मिळालेले कारण तिथे मिळते.