मोर्चा आणि मत

आज मोर्चामुळे बस बराच वेळ अडकली. शेजारचे काका वैतागले, "मागण्या बरोबर असतील हो, पण लोकांना वेठीला का धरायचं?" अख्ख्या बसने माना डोलावल्या.

मला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी निघालेल्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची आठवण झाली. त्याआधीच्या गॅलप जनमत पाहणीत, मोर्चाबद्दल ऐकलेल्या अमेरिकनांपैकी अनुकूल होते जेमतेम २३ टक्के. १९६६ मध्ये या मोर्चाचे एक नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्याविषयी ६३ टक्क्यांचं मत प्रतिकूल. २०११ मध्ये, वॉशिंग्टनमध्ये त्यांचं स्मारक खुलं झालं त्या वर्षी, ९४ टक्क्यांचं अनुकूल! (पुतळा रस्ता अडवत नाही ना.)

आणि वंशभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा? तो १९६४ मध्येच झाला. म्हणजे लोक नाकं मुरडत होते, तेव्हाच.