विणता येतं, तरी विकत का घेते?

“स्वतःला एवढं छान विणता येतं, मग ऑनलाइन पैसे देऊन दुसरीचं क्रोशाकाम कशाला घेता?” नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी येणारं जवळजवळ प्रत्येक जण दारावरचं तोरण पाहून हेच विचारतं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आजीने मला साखळी, मुका खांब आणि खांब हे क्रोशाचे टाके शिकवले. त्यावर मी वर्षानुवर्षं तेच चार रुमाल विणत बसले. मग भाचीने रॅव्हेलरीवर खातं काढून दिलं. 2007 साली सुरू झालेलं हे संकेतस्थळ, जगभरचे विणणारे तिथे आपले नमुने, म्हणजे विणायच्या लिहिलेल्या कृती, ठेवतात. पहिला नमुना मी माठावरच्या झाकणासाठी घेतला, ऐन मे महिन्यात. 6 टाक्यांनी सुरुवात, दर फेरीला 6 वाढवायचे. ‘डबल क्रोशे’ लिहिलेलं, म्हणून मी खांब घातले. गोल सपाट राहायच्या ऐवजी वाटीसारखा वर उचलला! दोनदा उसवला, पुन्हा तेच. शेवटी ओळख झालेल्या साताऱ्याच्या एका ताईंना फोटो पाठवला. त्यांनी उलट्या बाजूचा मागितला आणि लगेच ओळखलं. नमुना ब्रिटिश होता. तिकडचं डबल म्हणजे अमेरिकेतलं सिंगल, म्हणजेच आपला मुका खांब. खांब उंच असतो, त्याचा गोल सपाट बसायला साधारण 12 वाढवावे लागतात.

त्या ताई तोरणं विकतात. आमच्या दारावरचं त्यांचंच. आलं तेव्हा मी आधी उलटं करून पाहिलं. दोऱ्याची टोकं आत ओवून जिरवलेली, गाठ कुठेच नाही. आणि झेंडूच्या केशरीला लागून वांगी रंग! मला तो सात जन्मांत सुचला नसता. दुसऱ्याच दिवशी इतवारीत जाऊन वांगी दोरा आणला. त्यांचं तोरण जसंच्या तसं उतरवून विकायचं मात्र नाही, हे मी पाळते.

अजून एक. स्वेटर यंत्रावर विणता येतो, पण खरा क्रोशा आजही हातानेच होतो. दीडशे रुपयांची क्रोशाची पिशवी दिसली की माझ्या पोटात तुटतं. तशी पिशवी विणायला मला तीन दुपारी लागतात. म्हणून मी घासाघीस करत नाही. दोरा कुठला, वेळ किती लागला, एवढं विचारते. जिने स्वतः विणलंय ती भरभरून सांगते.

मागच्या आठवड्यात ताईंचाच निरोप आला. झाकण उडू नये म्हणून मी कडेला मणी ओवलेत, ते कसे, म्हणून. मी उलट्या बाजूचा फोटो पाठवला.