तुम्ही विचारलंत म्हणून: मेल पुन्हा पाठवू का?

मी मेल सर्व्हर सांभाळते हे कळलं की हमखास कुणीतरी फोन पुढे करतं. "हे बघा, मेल पोचायला उशीर होतोय असं आलंय. पुन्हा पाठवू का?"

नको. तो मेल हरवलेला नाही, रांगेत आहे.

समोरचा सर्व्हर आम्हाला तीन आकडी उत्तर देतो. ४ ने सुरू होणारं उत्तर म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'. ५ ने सुरू होणारं म्हणजे 'येऊच नका'. ५५० बहुतेकदा पत्ताच चुकल्याचं सांगतो, मग मेल लगेच परत येतो. ४ मात्र कितीतरी कारणांनी मिळतो. काही सर्व्हर तर अनोळख्याला पहिल्या खेपेला मुद्दामच माघारी धाडतात, कारण स्पॅमवाले सहसा पुन्हा येत नाहीत आणि खरा सर्व्हर येतो.

मला या व्यवस्थेत सगळ्यात मोलाचा वाटतो तो २५०. मेल पोचला, असा त्याचा अर्थ नाही. मेल माझ्याकडे आला, इथून पुढे तो माझी जबाबदारी, असा आहे. मेल कसा पाठवायचा-घ्यायचा याचे नियम सांगणारा २००८ चा दस्तऐवज, आरएफसी ५३२१, याबद्दल कडक आहे: एकदा मेल स्वीकारलात की तो पोचवा, नाही जमलं तर पाठवणाऱ्याला कळवा, मशीन मध्येच बंद पडलं ही सबब चालत नाही. म्हणून चांगला सर्व्हर आधी मेल डिस्कवर लिहितो आणि मगच २५० म्हणतो. त्याच दस्तऐवजाप्रमाणे दोन प्रयत्नांमध्ये साधारण अर्धा तास तरी जाऊ द्यावा आणि निदान चार-पाच दिवस चिकाटी सोडू नये. शुक्रवारी रात्री कुणाचा सर्व्हर बंद पडून सोमवारी दुरुस्त झाला, तरी मधल्या काळातले मेल त्याला मिळतात ते यामुळेच.

(परत आलेल्या मेलवर पाठवणाऱ्याचा पत्ता रिकामा असतो, तोही विचार करूनच. नाहीतर दोन सर्व्हर एकमेकांना 'पोचलं नाही' असं कळवतच बसले असते.)

पण या चिकाटीने एकदा एका मुलीचं नुकसान होता होता राहिलं. अर्जाची मुदत संपत आलेली आणि मेल अडकलेला. मी रांग उघडून पाहिली, तर पत्त्यात @ च्या पुढे एक अक्षर गळलेलं. त्या चुकीच्या नावाचं डोमेन खरंच होतं, फक्त तिथे मेल घ्यायला कुणी नव्हतं. कुणी 'नाही' म्हणत नव्हतं, म्हणून आमचा सर्व्हर तिथेच खेटे घालत होता, पाच दिवस घालत राहिला असता. तिने विचारलं म्हणून कळलं.

म्हणून पुन्हा पाठवण्याआधी पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. तो बरोबर असेल तर निर्धास्त थांबा. आमचा सर्व्हर ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्या पोस्टफिक्समध्ये उशिराची सूचना मुळात बंदच असते. त्या दिवशी मी ती चार तासांवर लावली, आणि तुमच्या फोनवर आलेली सूचना तीच आहे.