शेरब्रुकचं निलगिरीचं जंगल: मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी

कोआला दाखवते असं कबूल करून मुलांना ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नजवळच्या शेरब्रुकला नेऊ नका. तिथल्या निलगिरीचा पाला कोआलाला फारसा रुचत नाही. कोआला हमखास बघायचा असेल तर हील्सविलचं प्राणिसंग्रहालय बरं. शेरब्रुकला जायचं ते झाडासाठी. मेलबर्नच्या पूर्वेला डँडेनाँगच्या डोंगरात हे जंगल आहे आणि तिथलं मुख्य झाड म्हणजे माउंटन ॲश, शास्त्रीय नाव युकॅलिप्टस रेग्नन्स. फुलं येणाऱ्या झाडांमध्ये जगातल्या सर्वांत उंच झाडांपैकी हे एक. टास्मानियात २००८ साली सापडलेलं 'सेंच्युरियन' नावाचं झाड सुमारे १०० मीटर भरतं. मुलांना मीटर कळत नाहीत. तीस मजली इमारत म्हटलं की माना वर जातात.

नाशिकहून आलेला भाचा म्हणाला, "मावशी, निलगिरी तर आमच्या कॅनॉललापण आहे." खरं आहे. पण आपल्याकडची ती सामाजिक वनीकरणातली, ओळीत लावलेली, खाली धड गवतही नाही. इथे हेच कूळ स्वतःच्या घरी आहे. थंड हवा, भरपूर पाऊस, खोल ओलसर माती मिळाली की ते जंगल करतं, आणि असं नैसर्गिक जंगल फक्त व्हिक्टोरिया (मेलबर्नचं राज्य) आणि टास्मानियात. खाली माणसाच्या दुप्पट उंचीचे वृक्षनेचे, त्याखाली शेवाळ, आणि पाचोळा उकरत फिरणारा लायरबर्ड. हा पक्षी दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. जून ते ऑगस्ट ह्या थंडीच्या महिन्यांत नर सर्वांत जास्त गातो, म्हणून जमलं तर तेव्हाच आणि सकाळी लवकर जा. मुलांना पाच मिनिटं गप्प बसवता आलं तर तो दिसतोही. आम्हाला आधी नुसता खरखराट ऐकू आला आणि मग लांब शेपटीचा एक तपकिरी पक्षी वाटेवरून, आमच्याकडे ढुंकूनही न बघता, पलीकडे गेला.

झाड दाखवायचं तर खोडापासून सुरुवात करा. बुंध्याकडची साल खरखरीत, तंतूंची. बरीच वर गेल्यावर ती संपते आणि पांढुरकं गुळगुळीत खोड लागतं. त्यावरून सालीच्या लांबच लांब पट्ट्या लोंबत असतात. "ह्याची साल सोलली कुणी?" हा प्रश्न येणारच. कुणी नाही, झाड दर वर्षी जुनी साल टाकतं. मग वाटेवर पडलेली डहाळी शोधा. त्यावर करंगळीच्या नखाएवढी लाकडी फळं असतात, टोकाला उघडणारी. कळ्या मिळाल्या तर आणखी छान: प्रत्येक कळीला एक टोपी असते, ती गळून पडते आणि आतून पांढऱ्या तंतूंचा झुबका बाहेर येतो. पाकळ्या नाहीतच. बघून झालं की डहाळी तिथेच ठेवायला सांगा, राष्ट्रीय उद्यान आहे.

खरी गोष्ट आगीची आहे आणि ती मुलांना सांगायलाच हवी. बऱ्याच निलगिरी जळल्या तरी खोडातून पुन्हा फुटतात. ही सहसा फुटत नाही. मोठ्या वणव्यात मरते. पण उंचावरच्या त्या फळांमधलं बी वाचतं, आग विझल्यावर राखेवर पडतं, वर सावली उरलेली नसते, आणि सगळी रोपं एकदमच उगवतात. म्हणून कितीतरी ठिकाणी अख्खं जंगल एकाच वयाचं असतं. झाडाला पुरेसं बी धरायला १५-२० वर्षं लागतात. त्याआधी दुसरा वणवा आला तर बीही नाही आणि जंगलही नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर दुसऱ्या दिवशी गाडीने हील्सविलहून ब्लॅक स्परच्या घाटाने मेरीसविलकडे जा. घाटातली बरीच सरळसोट झाडं १९३९ च्या वणव्यानंतरची. पुढे ७ फेब्रुवारी २००९ ला जळालेला भाग लागतो. त्या दिवसाच्या आगींत १७३ माणसं गेली, मेरीसविल गाव जवळजवळ पुसलं गेलं. लहानांना किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. डोंगरउतारावर करडी वाळकी खोडं आणि त्यांच्या पायाशी दाटीवाटीने वाढलेलं तरुण रान अजून दिसतं. आणि 'निलगिरी पाणी पिते' हे आपलं वाक्य इथे अर्धंच लागू पडतं. तरुण झाडं फार पितात, जुनं जंगल कमी. वणव्यानंतर २५-३० वर्षांच्या रानातून ओढ्याला येणारं पाणी निम्म्यापर्यंत घटू शकतं. मेलबर्नच्या नळाचं बरंचसं पाणी ह्याच डोंगरांतून येतं, त्यामुळे ही चिंता शहराचीही आहे.

आता सोयीचं. फ्लिंडर्स स्ट्रीटहून बेलग्रेव्हची लोकल तासाभरापेक्षा थोडी जास्त घेते, पुढे बस आहे. फेऱ्या कमी, वेळापत्रक आधी बघा. प्रवेश फुकट. लहान मुलं किंवा व्हीलचेअरवरचे आजी-आजोबा असतील तर कलिस्टाच्या ग्रँट्स पिकनिक ग्राउंडवरून छोटी सपाट वाट आहे. चालणाऱ्यांनी शेरब्रुक फॉल्सला जावं, जाऊन-येऊन अडीच किलोमीटरच्या आसपास. धबधबा यथातथाच, वाट सुंदर. पांढरे काकाकुवे डब्यावर टपलेले असतात, त्यांना काही घालू नका. पावसानंतर जळवा लागतात, पॅंट मोज्यात खोचा. शहरापेक्षा थंडी जास्त, स्वेटर हवाच.

वारा सुटला असेल तर बेत रद्द करा. जून २०२१ च्या वादळात ह्या डोंगरात असंख्य झाडं आडवी झाली. उन्हाळ्यात निघण्याआधी आगीचा इशारा बघा. सर्वांत वरच्या इशाऱ्याच्या दिवशी उद्यान बंद असतं. ब्लॅक स्परच्या वळणांवर फोटोसाठी गाडी थांबवू नका, घाटाच्या पायथ्याशी फर्नशॉला थांबा. आणि अंधार पडायच्या आत घाट उतरा, वोम्बॅट आणि वॉलबी (लहान कांगारू) अंधार पडल्यावरच रस्त्यावर येतात.