आमची वाटचाल: पिंग थांबला त्या रात्रीपासून

2009 साली भांडुपला दहा बाय बाराच्या खोलीत फर्म सुरू केली, तेव्हा आमचं काम एवढंच होतं: कॉम्प्युटर जोडून देणं. सकाळी लॅमिंग्टन रोड गाठायचा, मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट घ्यायचं आणि खोका खांद्यावर टाकून ग्रँट रोडहून दादर, दादरहून भांडुप. हिशेब बायको सांभाळायची, जोडणी मी आणि माझा मावसभाऊ करायचो.

सर्व्हरच्या कामात आम्हाला प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याने ओढलं. मी त्यांना काका म्हणतो. बिलिंगसाठी त्यांना सर्व्हर हवा होता आणि लायसन्सचा खर्च नको होता, म्हणून डेबियन, म्हणजे लिनक्सवरची एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, बसवलं. ते दीड वर्ष कुरकुर न करता चाललं. काकांनी शेजारच्या दोन दुकानांना आमचं नाव सांगितलं आणि आमची पहिली तीन वार्षिक देखभालीची कंत्राटं तिथेच झाली.

फेब्रुवारी 2011 मध्ये डेबियन 6 आलं. काही आठवड्यांनी, एका शुक्रवारी रात्री मी भांडुपहून काकांच्या सर्व्हरवर ते चढवायला बसलो. पॅकेजं उतरली, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा हार्डवेअर हाताळणारा गाभा, 2.6.26 वरून 2.6.32 वर गेला, मी रीबूट दिला. दुसऱ्या खिडकीत पिंग, म्हणजे मशीन नेटवर्कवर उत्तर देतंय का हे पाहणारी हाक, चालू होता. त्या मशीनला उठायला चार मिनिटं लागायची. दहा झाली, वीस झाली, उत्तर नाही. शेवटची लोकल निघून गेली होती. मावसभाऊ म्हणाला, "दादा, पहाटेची पहिली पकडू." त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही.

सात वाजता काकांनी शटर उघडून दिलं. सर्व्हरला मॉनिटर जोडला तर लॉगिन समोर हजर. मशीन उत्तम चालू होतं, नेटवर्क तेवढं नव्हतं. मी काय केलं? केबल बदलली. मग स्विचचं पोर्ट बदललं. मग मावसभावाला नवा स्विच आणायला पिटाळलं, आणि त्या वेळी लॅमिंग्टन रोडची दुकानं उघडलेलीही नव्हती. चाळीस मिनिटं यात गेली. तोवर बाहेर टेम्पो लागला होता, आतले नोकर हाताने बिलं लिहायला लागले होते. काका एवढंच म्हणाले, "बाळा, घाई करू नकोस, पण मला खरं सांग, किती वेळ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग शेवटी जे सगळ्यात आधी करायचं ते केलं, कर्नलचा लॉग उघडला. तिथे सरळ लिहिलेलं होतं: नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरला (कार्ड चालवणारा प्रोग्राम) फर्मवेअरची (कार्डाच्या आत चढणारा प्रोग्राम) फाइल सापडत नाही. कार्ड लिनक्सला दिसत होतं, पण ते वर आणायला गेलं की नकार. डेबियन 6 च्या कर्नलमधून मुक्त परवाना नसलेलं फर्मवेअर काढून वेगळ्या पॅकेजांत, नॉन-फ्री विभागात ठेवलं होतं, आणि पॅकेजं कुठून घ्यायची त्या आमच्या सोर्स यादीत तो विभागच नव्हता. याची सूचना रात्री अपग्रेड चालू असताना स्क्रीनवर आलीही होती, 'फर्मवेअर नसण्याची शक्यता' अशा अर्थाची एक ओळ. शेकडो ओळींत ती वर सरकून गेली आणि मी वाचली नाही. लॅपटॉपला डोंगल लावून पॅकेज उतरवलं, पेनड्राइव्हने सर्व्हरवर नेलं, ड्रायव्हरचं मॉड्यूल काढून पुन्हा चढवलं. पिंग परत आला तेव्हा नऊ वाजून गेले होते.

त्या सकाळचे पैसे काकांनी कापले नाहीत. आम्हीच त्या महिन्याचं बिल लावलं नाही.

सगळे काकांसारखे नसतात आणि तशी अपेक्षाही धरू नये. 2016 मध्ये लोअर परळच्या एका छापखान्याच्या सर्व्हरवर कर्नलचं सुरक्षा अपडेट रात्री आपोआप चढलं. तिथल्या कार्डाचा ड्रायव्हर आम्ही वेगळा बसवला होता आणि तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधला जावा लागतो. त्यासाठी लागणारं कर्नल हेडर्सचं पॅकेज बसवायचं आमच्याकडून राहिलं होतं. रीबूटनंतर कार्डाला ड्रायव्हरच नाही. सकाळच्या छपाईच्या फाइली अडकल्या, त्यांनी कंत्राट थांबवलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला ते आजही लागतं.

तेव्हापासून आमच्याकडे एक रजिस्टर आहे, खरोखरचं, कागदाचं. प्रत्येक सर्व्हरचं एक पान: कार्ड कोणतं, ड्रायव्हर कोणता, फर्मवेअर कुठून येतं, कार्डांचे मॅक पत्ते (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि नेटवर्क बंद असताना त्या मशीनपर्यंत पोहोचायची वाट. नवं मशीन आयपीएमआय, म्हणजे दुरून हाताळायची अंगभूत सोय, असल्याशिवाय आम्ही सुचवतच नाही. त्याचा छोटा प्रोसेसर स्वतंत्र असतो, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम आडवी झाली तरी स्क्रीन इथे भांडुपला दिसते.

रजिस्टरमधल्या मॅक पत्त्यांचा खरा उपयोग नंतर कळला. आता कार्डांना पीसीआय बसवरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या, जागेवरून नावं मिळतात. म्हणजे कर्नल बदलला तरी नाव तेच राहायला हवं. पण महापेच्या डेटा सेंटरमधल्या एका सर्व्हरवर नवा कर्नल चढवला, तर ड्रायव्हर पोर्टचं नावही सांगायला लागला आणि 'ईएनपी65एस0एफ0' च्या शेपटाला 'एनपी0' चिकटलं. कॉन्फिगरेशन जुन्या नावाला शोधत बसलं, व्हर्च्युअल मशीनांना (एकाच सर्व्हरमध्ये चालणारे आभासी कॉम्प्युटर) नेटवर्कशी जोडणारा ब्रिज रिकामाच वर आला, ती सगळी तुटली. या वेळी मावसभावाने केबलला हातही लावला नाही. स्क्रीन उघडली, नावं ताडून पाहिली, कार्डांची नावं ठरवणाऱ्या लिंक फाइलमध्ये मॅक पत्त्याला आमचं नाव बांधलं, रीबूट केलं. अकरा मिनिटं. आता प्रत्येक सर्व्हरवर आम्ही हे अपग्रेडच्या आधीच करतो.

आणखी एक सवय लावली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. नवा कर्नल ग्रबला, म्हणजे बूट होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रामला, फक्त पुढच्या एका बूटपुरता द्यायचा, कायमची निवड जुनीच ठेवायची. सोबत एक छोटी स्क्रिप्ट: मशीन उठल्यावर पाच मिनिटांत गेटवेचं, म्हणजे नेटवर्कच्या बाहेरच्या दाराचं, उत्तर आलं नाही, तर स्वतःच रीबूट हो. तसं झालं की मशीन आपसूक जुन्या कर्नलवर येतं आणि दुकान उघडायच्या आत आपल्याला निवांत विचार करता येतो.

काकांचा तो जुना सर्व्हर आम्ही केव्हाच बदलला. गेल्या महिन्यात नव्यावर कर्नल चढवायचा होता. आमच्याकडे नुकतीच लागलेली मुलगी कामाला बसली होती, मी मागे खुर्ची टाकून. तिने आधी अपग्रेडच्या सगळ्या ओळी फाइलमध्ये साठवल्या, त्यात 'फर्मवेअर' शोधला, मग विचारलं, "सर, देऊ रीबूट?" मी रजिस्टर पुढे सरकवलं. तिने पान उघडून आयपीएमआयची स्क्रीन लावली आणि मग एंटर दाबलं. चौथ्या मिनिटाला पिंग परत आला. तिने आणखी पाच मिनिटं थांबून स्क्रिप्ट काढली, नवा कर्नल कायम केला आणि पानावर वेळ लिहिली: रात्री 11.52.