रोजनिशी : एका पॅलेटचा बाक

शुक्रवार

भंगारवाल्याकडून पॅलेट (माल रचून उचलायची फळ्या-ठोकळ्यांची लाकडी चौकट) उचलण्याआधी कडेच्या ठोकळ्यावर डागलेला शिक्का बघायचा. गव्हाची लोंबी, देशाची अक्षरं आणि त्यापुढे एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं लाकूड, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबी घरात नको. पण एचटी दिसलं म्हणून निर्धास्तही होऊ नये. शिक्का फक्त कीड मारल्याचं सांगतो, नंतर त्या पॅलेटवर काय सांडलं ते सांगत नाही. तेलकट काळा डाग किंवा औषधासारखा वास असेल, तर फुकट मिळाली तरी तिथेच ठेवावी. तापवलेल्या लाकडाला वाळवी लागत नाही, हाही एक लाडका गैरसमज. आतली कीड मरते, बाहेरून येणारीला कोणी अडवलेलं नसतं.

बाकासाठी युरो पॅलेट, म्हणजे युरोपातल्या प्रमाणित मापाची पॅलेट, बरी, कारण मापं ठरलेली: १२०० × ८०० मिमी, ११ फळ्या, ९ ठोकळे, ७८ खिळे. फळ्या २२ मिमी जाडीच्या. त्यातल्या आठ १२०० लांब (चार १४५ रुंद, चार १०० रुंद), तीन ८०० लांब आणि १४५ रुंद.

शनिवार

खरं काम आजचंच. पॅलेट सोडवता आली की निम्मा बाक झाला.

कटावणी घालून फळी उचकटायचा मोह आवरावा. खिळे पीळदार असतात, लाकडाला घट्ट धरतात. जोर लावला की खिळा तसाच राहतो आणि फळी टोकाकडून उभी चिरते. त्यापेक्षा फळी आणि ठोकळा यांच्यामध्ये पाचर ठोकून तीन-चार मिमी फट पाडायची आणि त्यात लोखंड कापणारं पातं घालून खिळेच कापायचे. रेसिप्रोकेटिंग सॉ (पातं पुढे-मागे चालवणारी यांत्रिक करवत) असेल तर काम झटपट होतं. नसेल तर हॅक्सॉचं (लोखंड कापायच्या हातकरवतीचं) पातं एका टोकाला चिंधी गुंडाळून चालवायचं. वेळ खातं, पण फळी शाबूत राहते. फळीत उरलेले तुकडे मागून सुंब्याने (खिळा आत ढकलायच्या बोथट लोखंडी कांडीने) ठोकून काढावेत. नंतर प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवायचं. हे टाळलं तर आत राहिलेला एखादा तुकडा रंध्याचं पातं खातोच.

ठोकळे बाजूला. पुष्कळदा ते दाबलेल्या भुशाचे असतात, पाणी लागलं की फुगून सुटतात. बाल्कनीतल्या बाकाला त्यांचे पाय करू नयेत.

रविवार

बैठकीला दोन रुंद आणि एक अरुंद फळी पूर्ण लांबीच्या, मध्ये ५ मिमी फटी, म्हणजे ४० सेंमी खोली. फटी हव्यातच. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत नाममात्र.

पायांसाठी दोन रुंद आणि दोन अरुंद फळ्या, प्रत्येकीचे ४२० मिमीचे दोन तुकडे. एक रुंद आणि एक अरुंद तुकडा काटकोनात जोडला की एक पाय. रुंद बाजू समोर, अरुंद बाजू तिच्या आतून. उरलेले रुंद तुकडे ३५० मिमीला कापून आडव्या पट्ट्या करायच्या, त्या पायांच्या अरुंद बाजूंना आतून बसतात. ८०० च्या दोन फळ्या पुढच्या-मागच्या पट्ट्या होतात. पायांची बाहेरून-बाहेर लांबी ९६० ठेवली की त्या पायाच्या रुंद बाजूवर ६५ मिमी चढतात. तेवढ्यात स्क्रूच्या दोन ओळी मावतात आणि बाक डुगडुगत नाही. पाय याहून आत घेऊ नयेत. बाक हलका असतो, टोकाला कोणी टेकलं की दुसरं टोक उचललं जातं.

उरलेल्या अरुंद तुकड्यांपैकी एक ३०६ मिमीला कापून पुढच्या-मागच्या पट्ट्यांमध्ये, मधल्या फळीखाली आडवा. एक अरुंद लांब आणि एक ८०० ची फळी शिल्लक राहते. ती राहू द्यावी, एखादी फळी चिरणारच असते.

स्क्रू ४ मिमी जाड आणि ३५ लांब. आधी ३ मिमीचं भोक, टोकापासून किमान २० मिमी आत. या सुक्या पाइनला भोकाशिवाय स्क्रू दिला की तडा. फळीच्या टोकाच्या छेदात स्क्रू धरत नाही, तिथे आतल्या कोपऱ्यात छोटी पट्टी चिकटवून स्क्रू तिच्यात घ्यावा. बैठक ५० मिमी स्क्रूंनी. पट्ट्यांचे सांधे स्क्रूने आवळण्याआधी गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघायचं. इथला तिरपेपणा पुढे सुधारत नाही.

पॉलिश पेपर आधी ८० नंबरचा, मग १२० चा, तोंडाला मास्क. पायाच्या तळाला तेलाचा हात तीनदा, कारण पाणी तिथूनच वर चढतं. मग तळाला रबरी बूच. जवसाचं तेल वापरलं तर चिंधी चुरगाळून डब्यात टाकू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवावी.