तुम्ही विचारलंत म्हणून: खेळाडूला बोलायची तयारी कशाला?

"ताई, तुम्ही इतकी वर्षं फुटबॉल खेळलात, मग बोलायला वेगळी तयारी कसली?" सोलापुरात शाळेचं गॅदरिंग असो की पार्क स्टेडियमवरचं बक्षीस वितरण, बोलावणारे हेच विचारतात आणि मानधनाचा विषय शाल-श्रीफळावर मिटवतात. मानधन मी मागते, कारण भाषण असो की सामन्याचं समालोचन, हे काम आहे.

खेळल्यामुळे पास का चुकला ते दिसतं. ते आठ-दहा सेकंदांत सांगता येणं ही वेगळी विद्या. टीव्हीवर मुख्य समालोचक चेंडू कुणाकडे आहे ते सांगतो, माजी खेळाडूने 'का' ते सांगायचं. त्यासाठी वेळ मिळतो तो थ्रो-इन, गोलकिक आणि रिप्लेचा. चेंडू गोलसमोरच्या बॉक्सकडे निघाला की वाक्य अर्धं असलं तरी सोडून द्यायचं, आणि हे सगळं कानात निर्मात्याच्या सूचना चालू असताना. रेडिओवर चित्रच नसतं, म्हणून चेंडू कुठल्या बाजूला, गोलपासून किती लांब ते सांगत राहायचं. स्कोअर दर दोन-तीन मिनिटांनी, कारण कुणीतरी आत्ताच रेडिओ लावलेला असतो.

अकरा जणींची नावं तासभर आधी हाती येतात. ती यादीसारखी लिहिली तर नजर शोधत बसते, तोवर चेंडू दुसरीकडे. म्हणून एकाच मोठ्या कागदावर दोन्ही संघ मैदानावरच्या जागांप्रमाणे मांडायचे: नंबर ठळक, खाली नाव, उच्चार त्या संघातल्याच कुणाला तरी विचारून.

"बाईचा आवाज गोलला कर्कश होतो," असंही तोंडावर ऐकवतात. सुरुवातीलाच वरची पट्टी लावली तर गोलला चढायला जागा उरत नाही, मग आवाज फाटतो. पुरुषांचाही फाटतो. सामना खालच्या पट्टीत सुरू करायचा. हॉलमध्ये माइक ओठांपासून चार बोटं, किंचित तिरका, नाहीतर प-फ-भ फटफटतात. माइकच्या जाळीवर मूठ आवळली किंवा स्पीकरसमोर जाऊन उभं राहिलं की स्पीकरमधून शिट्टी ठरलेली.

एवढं सरावाने जमतं. पण २३ जानेवारी २०२२ ची संध्याकाळ आठवा. महिला फुटबॉलचा आशियाई चषक आपल्याच घरी, सामना नवी मुंबईत. तीन दिवस आधी इराणशी ०-० बरोबरी झालेली, समोर चायनीज तैपेई, म्हणजे तैवानचा संघ, आणि आपल्या संघात कोरोना. नियमाने किमान १३ खेळाडू लागत होत्या, तेवढ्या उभ्या करता आल्या नाहीत. सामना रद्द. भारताने स्पर्धेतूनच माघार घेतली असं धरलं गेलं, इराणविरुद्धचा निकालही पुसला गेला, आणि २०२३ च्या विश्वचषकाची वाट तिथेच बंद झाली. अशा वेळी माइकसमोर माजी खेळाडू असेल तर घशाशी पहिलं वाक्य येतं, "पोरींचा काय दोष?" ते खरंच आहे. तरी ऐकणाऱ्याला आधी कळायला हवं की काय झालं, कुठल्या नियमाने झालं आणि आता गटाचं काय होणार. लागण कुणाला झाली याचे अंदाज बांधून नावं घ्यायची नाहीत. 'खेळल्या असत्या तर जिंकल्या असत्या' हे तर अजिबात नाही, न झालेल्या सामन्याचा निकाल कुणी देऊ नये. हे सगळं सांगून झालं की मग राग आला असेल तर तो आपला राग म्हणून बोलायचा.

माझ्यातल्या जुन्या खेळाडूला हे पटत नाही. ती म्हणते, "पोरींची वर्षं वाया गेली आणि तू नियम समजावत बसणार?" तिला गप्प करेल असं उत्तर माझ्याकडे नाही. ५ जुलै २०२५ ला चियांग माईत संगीता बासफोरच्या दोन गोलांनी आपण थायलंडला २-१ हरवलं आणि पहिल्यांदाच पात्रता फेरीतून आशियाई चषक गाठला. माझ्यातल्या त्या खेळाडूचं म्हणणं, अशा गोलला आधी मनसोक्त ओरडावं. मी म्हणते, आधी नाव, मग स्कोअर, मग ओरड. आमचं अजून जमलेलं नाही.